वर्दीतली वकील

लोणावळ्याहून पुण्याला निघणारी लोकल ही खरं तर डिफेन्सची लाइन आहे. विश्वास बसत नाही? पुढच्या वेळी मोबाइल बॅगेत टाका आणि खिडकीतून स्टेशनं मोजा.

लोणावळ्यात आयएनएस शिवाजी. समुद्र सोडून घाटमाथ्यावर नौदल काय करतंय, हा प्रश्न इथे सहलीला आलेल्या प्रत्येकाने एकदा तरी विचारलेला असतो. उत्तर सोपं आहे. युद्धनौकांची इंजिनं चालवणारे आणि दुरुस्त करणारे नौसैनिक आणि अधिकारी तिथे १९४५ पासून घडवले जातात. मळवली, कामशेत, कान्हे मागे पडलं की वडगाव, म्हणजे मावळ तालुक्याचं कोर्ट. तळेगावला सीआरपीएफचं ग्रुप सेंटर आणि लार्सन अँड टुब्रोचा कारखाना, जिथे पिनाक रॉकेट सोडणारे लाँचर तयार होतात. जवळच सुदुंबऱ्याला एनडीआरएफची पाचवी बटालियन. देहूरोडला दारूगोळ्याचा डेपो आणि ऑर्डनन्स फॅक्टरी. पुढे खडकीचा दारूगोळा कारखाना, आणि शेवटच्या स्टेशनवर, पुण्यात, लष्कराच्या दक्षिण कमांडचं मुख्यालय.

आता हीच यादी लॉच्या विद्यार्थिनीच्या डोळ्यांनी बघा. इंजिनिअर आणि जवानांइतकंच यातल्या जवळपास प्रत्येक ठिकाणी कायदा शिकलेल्या माणसाचं काम आहे. आणि ते काम मुलींनी करावं की नाही, किती मुलींनी करावं, किती वर्षं करावं, यावर आपल्या देशात गेली वीसेक वर्षं कोर्टात भांडण सुरू आहे.

मावळात वाढलेल्यांना या विषयाची पहिली ओळख पुस्तकातून होत नाही. ती ‘रेड झोन’ या शब्दातून होते. देहूरोड डेपोच्या आजूबाजूला ज्यांचं घर किंवा गुंठा-दोन गुंठे जागा आहे, त्यांच्या घरात हा शब्द जेवणाच्या ताटावर ऐकू येतो. कर्ज मिळेल का, वरचा मजला चढवता येईल का, प्लॉट विकला जाईल का, सगळं त्याच्यावर अडतं. या रेड झोनच्या मागे वर्क्स ऑफ डिफेन्स ॲक्ट, १९०३ हा इंग्रजांच्या काळातला कायदा आहे. संरक्षण आस्थापनेच्या हद्दीपासून २००० यार्डांपर्यंत, म्हणजे साधारण १.८ किलोमीटरपर्यंत, बांधकामावर बंधनं घालायचा अधिकार तो सरकारला देतो. १००० आणि ५०० यार्डांच्या आत बंधनं आणखी कडक होतात. त्याच कायद्यात नुकसानभरपाईचीही तरतूद आहे आणि ती ठरवायची चौकशी कलेक्टरने करायची असते. हे शेवटचं वाक्य किती जणांना माहीत असतं? डेपो सुरक्षित राहायला हवा आणि ज्याची जमीन अडकली त्यालाही न्याय मिळायला हवा. या दोन गोष्टींच्या मध्ये जो माणूस उभा राहतो, तो वकील असतो. कधी गावकऱ्यांच्या बाजूचा, कधी सरकारच्या.

सरकारच्या बाजूचा वकील कधीकधी वर्दीतही असतो. लष्कर, नौदल आणि हवाई दल या तिघांकडे स्वतःची कायदा शाखा आहे. ‘जज ॲडव्होकेट जनरल’ असं तिचं भारदस्त नाव, पण बोलताना सगळे ‘जॅग’च म्हणतात. जॅगचा अधिकारी काय करतो? सिनेमात दाखवतात तसं रोज कोर्टरूममध्ये टेबलावर मूठ आपटत नाही. आर्मी ॲक्ट १९५० प्रमाणे प्रत्येक जनरल कोर्ट मार्शलला जज ॲडव्होकेट हजर असलाच पाहिजे. कोर्ट मार्शलमध्ये बसलेले अधिकारी कायद्याचे पदवीधर नसतात, म्हणून पुरावा कसा तोलायचा, प्रक्रिया कुठे चुकतेय, हे त्यांना सांगायला तो असतो. पण जास्त वेळ जातो तो फायलींत. पेन्शनच्या केसेस, बढतीचे वाद, जमिनीची प्रकरणं, हायकोर्टात आणि आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलमध्ये द्यायची उत्तरं, कमांडरने विचारलेला ‘हे कायद्यात बसतं का?’ हा प्रश्न. थोडक्यात, लष्कराला कायदा सांगणारी ही शाखा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुलींसाठी सैन्याचं दार उघडलं तेव्हा पहिल्या काही खोल्यांत कायद्याची खोली होती. आर्मी ॲक्टचं कलम १२ आणि नेव्ही ॲक्टचं कलम ९(२) सांगतं की केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय स्त्रियांची नेमणूक होणार नाही. नौदलासाठी अशी अधिसूचना ऑक्टोबर १९९१ मध्ये निघाली. शाखा तीन: लॉजिस्टिक्स, शिक्षण आणि कायदा. लष्कराने १९९२ मध्ये ज्या मोजक्या शाखा उघडल्या त्यातही जॅग होती. चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग ॲकॅडमीत महिलांच्या पहिल्या तुकडीतल्या पहिल्या कॅडेट प्रिया झिंगन लॉ ग्रॅज्युएट होत्या. मुलींना सैन्यात घ्या, असं त्यांनी थेट लष्करप्रमुखांना पत्र लिहून कळवलं होतं. त्यांना इन्फन्ट्री हवी होती. मार्च १९९३ मध्ये त्या अधिकारी झाल्या आणि शाखा मिळाली जॅग.

दार उघडलं, पण घर भाड्याचं होतं. सगळ्यांना शॉर्ट सर्व्हिस कमिशन. ठरावीक वर्षं नोकरी, मग सलाम आणि बाहेर. बरोबरच्या मुलांना कायमस्वरूपी कमिशनचा, म्हणजे पर्मनंट कमिशनचा पर्याय, मुलींना नाही. २००३ मध्ये बबिता पुनिया या वकिलाने दिल्ली हायकोर्टात याचिका केली. २०१० मध्ये निकाल महिला अधिकाऱ्यांच्या बाजूने लागला. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आणि शेवटचा निकाल आला १७ फेब्रुवारी २०२० ला. सतरा वर्षं! ज्या अधिकाऱ्यांसाठी केस सुरू झाली, त्यातल्या कित्येकींची उमेदीची वर्षं तारखांमध्येच गेली.

त्या खटल्यात सरकारकडून मांडलेला एक मुद्दा वाचून मी थांबले. जवान बहुतांशी ग्रामीण भागातून येतात, त्यांची मानसिकता अजून स्त्रीचा हुकूम घेण्याइतकी घडलेली नाही, अशा अर्थाचा. ग्रामीण भागातून म्हणजे कुठून? आपल्याकडूनच ना. पवन मावळातून, आंदर मावळातून, नाणे मावळातून. ज्या गावांतल्या ग्रामपंचायतीत सरपंचबाई बसतात, महिला तलाठी सातबारा देते, महिला फौजदार बंदोबस्त लावते, त्या गावांतल्या पोरांच्या नावाने दिल्लीत हा युक्तिवाद झाला. कोर्टाने तो ठामपणे नाकारला. पुण्याला अभिमान वाटावा असा एक दाखलाही निकालात आहे. २०१६ मध्ये औंधच्या लष्करी तळावर ‘एक्सरसाइज फोर्स १८’ हा बहुराष्ट्रीय सराव झाला, तिथे भारताच्या तुकडीचं नेतृत्व सोफिया कुरेशी यांनी केलं होतं. त्या तुकडीतल्या जवानांनी हुकूम घेतलाच की.

महिन्याभराने, १७ मार्च २०२० ला, नौदलातल्या महिला अधिकाऱ्यांचा निकाल लागला. तिथला एक मुद्दा तर असा होता की रशियन बनावटीच्या काही जहाजांवर बायकांसाठी स्वच्छतागृहं नाहीत. हेही कोर्टाला पटलं नाही.

मला मात्र या सगळ्यात सगळ्यात जास्त रुतून बसलेली कहाणी आहे कमांडर सीमा चौधरी यांची. त्या नौदलाच्या जॅग शाखेतल्या. शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर २००७ मध्ये रुजू झाल्या. २००८ च्या सप्टेंबरमध्ये सरकारने कायदा, शिक्षण अशा काही शाखांतल्या महिलांना पर्मनंट कमिशन द्यायचं ठरवलं, पण फक्त पुढे येणाऱ्या बॅचेसना. म्हणजे त्या थोडक्यात हुकल्या. २०२० च्या निकालाने ही ‘फक्त पुढच्यांना’ची अट काढली. तरी चौधरी यांना पर्मनंट कमिशन मिळालं नाही. ट्रायब्युनल झालं, सुप्रीम कोर्ट झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, यांच्या प्रकरणाचा स्वतंत्रपणे, नव्याने विचार करा. पुन्हा नकार. मे २०२५ मध्ये त्याच कोर्टाने नौदलाला अहंकार बाजूला ठेवा अशा शब्दांत खडसावलं. इतरांना आयुष्यभर कायदा समजावून सांगितलेल्या बाईला स्वतःच्या हक्कासाठी इतके उंबरठे झिजवावे लागले.

दुसरी केस तुमच्या वयाच्या मुलींची. जानेवारी २०२३ मध्ये लष्कराने जॅग भरतीची जाहिरात काढली. जागा नऊ. मुलांना सहा, मुलींना तीन. अर्शनूर कौर आणि आणखी एक उमेदवार मुलींच्या यादीत चौथ्या-पाचव्या आल्या, म्हणजे बाहेर. पण निवड झालेल्या काही मुलांपेक्षा त्यांचे मार्क जास्त होते. ११वी-१२वीच्या ॲडमिशनच्या वेळी एका मार्काने लिस्ट हुकलेल्यांना हे दुःख वेगळं समजवायला नको. त्या कोर्टात गेल्या. सुनावणीत न्यायमूर्तींनी विचारलं की हवाई दलात मुलगी राफेल उडवू शकते, तर जॅगमध्ये जास्त मुली घ्यायला अडचण काय? ११ ऑगस्ट २०२५ ला न्या. दीपांकर दत्ता आणि न्या. मनमोहन यांनी निकाल दिला. सरकारने एकदा ही शाखा स्त्रियांना खुली केली की संख्येचं कुंपण घालता येणार नाही. यादी एकच करा, गुणवत्तेवर. मधल्या काळात लष्कराने निम्म्या-निम्म्या जागांचं धोरण आणलं होतं. मुलींना जास्त मार्क असूनही निम्म्यावरच अडवायचं असेल तर तेही चालणार नाही, असं कोर्टाने स्पष्ट केलं. अर्शनूर यांना घेण्याचा आदेश झाला. दुसऱ्या उमेदवार तोवर नौदलात दाखल झाल्या होत्या.

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं वाक्य आठवतंय? लष्कराला कायदा सांगणारी शाखा. तिच्याच भरतीची जाहिरात घटनेविरुद्ध ठरली.

बरं, आयुष्यभर वर्दीच हवी असं नाही. शॉर्ट सर्व्हिस दहा वर्षांची असते, चार वर्षं वाढवता येते. तिशीच्या मध्यावर बाहेर पडलेल्या जॅग अधिकाऱ्यासमोर दोन मोठे रस्ते असतात. एक ट्रायब्युनल आणि हायकोर्टातली प्रॅक्टिस. दुसरा थेट आपल्या लोकलच्या रुळांशेजारी येतो, तो म्हणजे संरक्षण उद्योग. २००१ मध्ये हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं झालं. ऑक्टोबर २०२१ पासून सरकारी ऑर्डनन्स फॅक्टऱ्याही सात कंपन्यांत विभागल्या गेल्या. देहूरोड आणि खडकीचे कारखाने ज्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये गेले, तिचं मुख्यालय पुण्यात आहे. कंपनी म्हटली की करार आले. सरकारी खरेदी डिफेन्स ॲक्विझिशन प्रोसिजर नावाच्या जाडजूड नियमावलीने चालते. लायसन्स लागतं. शस्त्रसामग्री परदेशी विकायची तर ‘स्कोमेट’ यादी बघून परवानगी घ्यावी लागते. माल उशिरा पोचला तर दंड, दंडावर वाद, वादावर लवाद. हे सगळं वाचणारी, लिहिणारी, भांडणारी माणसं लागतातच. आपल्याकडे डिफेन्स म्हटलं की प्लेसमेंटच्या गप्पा मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सपाशी संपतात. लॉवाल्यांना कोणी विचारतच नाही, आणि लॉवालेही विचारत नाहीत.

आता कामाचं. लष्कराच्या जॅग एंट्रीला एलएलबीला किमान ५५ टक्के लागतात, तीन वर्षांचा कोर्स असो वा पाच. बार कौन्सिलकडे नोंदणीला पात्र असायला हवं. वय २१ ते २७. अविवाहित असण्याची अट मुलगे-मुली दोघांना आहे, घरी स्थळं बघायला लागले असतील तर हे आधीच सांगून ठेवा. वेगळी लेखी परीक्षा नाही, पण क्लॅट पीजीचा स्कोअर सक्तीचा आहे, अगदी एलएलएम झालेल्यांनाही. बऱ्याच जणी इथेच चुकतात, कारण क्लॅट पीजी म्हणजे फक्त एलएलएमची परीक्षा असं वाटतं. मग पाच दिवसांची एसएसबी, मेडिकल आणि चेन्नईत ४९ आठवड्यांचं ट्रेनिंग. तिथे कायद्याची मुलगी म्हणून पळण्यात सूट मिळत नाही. लोणावळ्यात राहणाऱ्यांना सकाळी धावायला चढ फुकट आहे, तेवढा फायदा घ्या.

नौदलाच्या कायदा शाखेची जाहिरात वेगळी निघते, तिच्या अटी त्या-त्या वर्षी नीट वाचा.

मी स्वतः मास कॉमवाली, वय २२. हा लेख लिहिताना सहज हिशोब मांडून पाहिला. यंदा तीन वर्षांच्या एलएलबीला बसले, तर पंचविशीत पदवी, मध्ये एक क्लॅट पीजी, आणि सत्तावीसच्या आत कसेबसे एक-दोन प्रयत्न. बारावीनंतर थेट पाच वर्षांच्या लॉला गेलेल्या मुलीकडे माझ्यापेक्षा दोन वर्षं जास्त आहेत. तुमचं वय किती?