अनामत, अमानत आणि विद्यार्थ्याची खोली

पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. यवतमाळात दारव्हा रोड, आर्णी रोड किंवा लोहाऱ्याकडच्या एखाद्या गल्लीत वरच्या मजल्यावरच्या खोलीत दिवा लागतो. खोलीत तीन-चार पोरे. एकाचा रोजा, त्याची सहेरीची घाई. दुसऱ्याची परीक्षा तोंडावर, तो डोळे चोळत पुस्तक उघडतो. तिसरा रात्रीची भाजी गरम करून रोजेदार मित्रापुढे सरकवतो. नळ सोडला तर नुसती हवा येते. टाकी कोरडी आहे, कारण मोटारीचे बटण खाली घरमालकाच्या वऱ्हांड्यात आहे आणि या महिन्याचे भाडे द्यायला चार दिवस उशीर झाला आहे.

हे चित्र कोणा एका घराचे नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकायला आलेल्या, वसतिगृहात जागा न मिळालेल्या कोणत्याही मुलाला ते ओळखीचे वाटेल. सगळेच घरमालक असे वागतात, असेही नाही. ‘काकू, आज रोजा आहे’ म्हटल्यावर संध्याकाळी खजूर नि भज्यांची ताटली वर पाठवणाऱ्या काकूही याच शहरात आहेत. पण जिथे वाईट वागणूक मिळते, तिथे ती मुकाट्याने सोसली जाते. अलीकडे रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन परीक्षांच्या हंगामात येतो. अशा वेळी खोली सोडावी लागली, तर मुलाचे अख्खे वर्ष जाऊ शकते.

गावाकडून आलेली पोरे

यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके. घाटंजी, आर्णी, राळेगाव, केळापूर, मारेगाव, झरी-जामणी अशा भागांतून मुले-मुली शहरात येतात. शहरात वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, अमोलकचंद महाविद्यालय आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे. शिवाय शिकवण्या आणि भरतीची तयारी करून घेणारे वर्ग. घरी चार-पाच एकर कोरडवाहू कपाशी. बापाने कापूस विकून किंवा उसनवारी करून पहिल्या महिन्याचे भाडे आणि अनामत भरलेली. म्हणून मूल तोंड उघडत नाही. घरी सांगावे तर बाप म्हणेल, ‘ये मग परत.’ मुलीच्या बाबतीत ही भीती दुप्पट. मालक वेळी-अवेळी दार ठोठावतो, हे तिने घरी सांगितले तर मालकाला जाब विचारण्याआधी तिचे शिक्षण थांबण्याची शक्यता जास्त.

तक्रारी सगळीकडे सारख्याच. कागद नाही, पावती नाही. विजेला वेगळे छोटे मीटर, त्याचा दर मालक ठरवेल तो. खोलीत कोणी नसताना दुसऱ्या किल्लीने दार उघडून सामान बघणे. वर्षाच्या मधेच भाडे वाढवणे. खोली सोडताना ‘रंग द्यावा लागेल’ म्हणून अख्खी अनामत ठेवून घेणे. आणि शेवटचे हत्यार पाणी.

पाण्याचे हत्यार किती धारदार असते, हे यवतमाळकरांना सांगायला नको. निळोणा आणि चापडोह या धरणांवर तहान भागवणाऱ्या या शहराने २०१८ चा उन्हाळा पाहिला आहे. त्या वर्षी रमजानही मे-जूनमध्येच होता. नळाला आठवडेच्या आठवडे पाणी नव्हते, लोक टँकरमागे धावत होते. त्या दिवसांत गुंडभर पाणी शेजाऱ्याला देणारे हात कोणत्या धर्माचे आहेत, हे कोणी विचारले नाही. निसर्गाने पाणी तोडले, तेव्हा माणसांनी वाटून घेतले. मग चार दिवसांच्या भाड्यासाठी माणसाने माणसाचे पाणी तोडावे, याला काय म्हणायचे?

कायदा काय सांगतो

कायद्याने याला गुन्हा म्हटले आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम २९ नुसार पुरेसे कारण नसताना भाडेकरूचे पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडास-सफाई अशी आवश्यक सेवा घरमालकाला तोडता येत नाही. तोडली तर शिक्षेची तरतूद आहे. भाडे थकले तरी मार्ग ठरलेला आहे. आधी लेखी नोटीस, तिच्यानंतर नव्वद दिवसांची मुदत, आणि मगच घर खाली करून घेण्यासाठी न्यायालयात दावा.

खोलीत शिरण्याचेही तसेच. कलम २८ घरमालकाला जागा पाहण्याचा अधिकार देते, पण आधी सूचना देऊन आणि रास्त वेळी. रात्री दहाला दार ढकलून आत येणे त्यात बसत नाही. कलम २६ प्रमाणे मिळालेल्या पैशाची लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक आहे.

सर्वांत महत्त्वाचे कलम ५५. भाडेकरार लेखी असावा आणि त्याची नोंदणी व्हावी, ही जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. नोंदणी केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय नोंदणीकृत करार नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे आहे हे मालकाने सिद्ध करायचे. ‘कागदच नाही, पोरगा काय करणार?’ असे मानणाऱ्याने हे नीट वाचावे. कागद नसणे ही मुलाची अडचण वाटते, प्रत्यक्षात ती मालकाची आहे.

भाडेकरूला सांभाळण्याची ही रीत विदर्भाला नवी नाही. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या १९४९ च्या भाडे नियंत्रण आदेशाखाली भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस देण्याआधी मालकाला रेंट कंट्रोलरची परवानगी घ्यावी लागे. घर रिकामे झाले तरी प्रशासनाला कळवावे लागे. आजच्या आजोबांच्या पिढीने तो काळ पाहिला आहे.

कोरोनाच्या काळात तर विद्यार्थ्यांचा उल्लेख थेट सरकारी आदेशात आला. केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ मार्च २०२० रोजी काढलेल्या आदेशात, मजुरांना किंवा विद्यार्थ्यांना खोली सोडायला भाग पाडणाऱ्या घरमालकावर आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली कारवाई होईल, असे बजावले होते. राज्याच्या गृहनिर्माण विभागाने एप्रिलमध्ये भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलण्याची सूचना केली. त्याच महिन्याच्या अखेरीस रमजान सुरू झाला आणि मशिदी बंद असल्याने लोकांनी तरावीह घरातच अदा केली. घराचे मोल तेव्हा सगळ्यांना कळले. खोलीत कुलूपबंद राहिलेल्या पुस्तकांचे आणि गादीचे भाडे कोणी द्यायचे, यावर मात्र कितीतरी ठिकाणी वाद झाले.

न झालेल्या करारापायी

करार करायला अनेक मालक तयार नसतात. कर लागेल, खोली बळकावतील, अशी भीती. पण एका न झालेल्या करारापायी विद्यार्थ्याचे काय जाते, हे त्यांना बहुधा ठाऊक नसते. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, तर इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. स्वाधारमध्ये यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी भोजनाचे २५ हजार, निवासाचे १२ हजार आणि निर्वाहाचे ६ हजार असे वर्षाला ४३ हजार रुपये ठरले आहेत. मात्र अर्ज करताना भाड्याने राहत असल्याचा पुरावा जोडावा लागतो. मालकाने सही नाकारली, तर झरी-जामणीच्या पोडावरून आलेल्या कोलाम मुलाची किंवा घाटंजीच्या शेतमजुराच्या मुलीची हक्काची मदत अडू शकते. मालकाचे त्या सहीने फारसे काही जात नाही. लिव्ह अँड लायसन्स कराराचे मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का आहे, नोंदणी फी हजार रुपयांपलीकडे जात नाही आणि हे काम ऑनलाइन होते.

मालकाची बाजूही खरी आहे. निवृत्तीच्या पैशातून दोन खोल्या चढवलेल्या, त्या भाड्यावर औषधपाणी चालवणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला न सांगता रातोरात निघून गेलेली पोरे भेटतात. विजेचे बिल थकते, दार मोडते, गच्चीवर मध्यरात्रीपर्यंत गोंधळ चालतो. त्यांचेही रक्षण कागदच करतो. कराराची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याला दुप्पट दराने पैसे मोजायला लावणारी तरतूद याच कायद्यात आहे. नोंदलेला करार म्हणजे पोराच्या हाती दिलेली काठी नव्हे, दोघांमधला बांध आहे.

आडनाव विचारणारे दार

काही मुलांची अडचण तर खोली मिळण्याआधीच सुरू होते. ‘नाव काय? आडनाव काय? खाता काय?’ तिसऱ्या प्रश्नापर्यंत पाटी तीच असते, खोली मात्र ‘कालच गेली’ असते. २००६ मधल्या सच्चर समितीच्या अहवालात मुस्लिमांची ही तक्रार नोंदली गेली. त्याच्या कितीतरी आधी, १९१७ मध्ये परदेशात शिकून बडोद्याच्या नोकरीत रुजू झालेल्या डॉ. आंबेडकरांना जात कळताच पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले गेले. हा दोष एकाच समाजाचा नाही. मुस्लिम मोहल्ल्यातही ‘सडाफटिंग पोरे नकोत’ म्हणत दार लावणारे आहेत, आणि आपल्याच कौमच्या मुलाकडून पावतीविना पैसे घेणारेही आहेत.

याला उत्तर शोधणारेही याच महाराष्ट्रात होऊन गेले. खेड्यातून आलेल्या मुलांना कोल्हापुरात राहायला जागा नाही, हे पाहून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे उभी करायला सुरुवात केली. १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तेव्हा तिचे अध्यक्षपद त्यांनी स्वतः घेतले. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सगळ्या जातींची मुले एका छपराखाली ठेवली. शिक्षणाची पहिली पायरी शाळेत नसून राहायच्या जागेत असते, हे त्यांनी ओळखले होते.

एकच शब्द

भाड्याच्या व्यवहारातले शब्द जरा ऐकून पाहावेत. मालक, करार, मुदत, हक्क, कायदा. हे सारे अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि इथलेच झाले. अनामत हा शब्दही त्यातलाच. मूळ शब्द अमानत. दुसऱ्याने विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली, जशीच्या तशी परत करायची वस्तू. विद्यार्थ्याची अनामत मालकाच्या कपाटात असते, पण ती मालकाची नसते. खरोखर झालेले नुकसान दाखवून, हिशेब लिहून तेवढे वजा करावे. उरलेले परत द्यावे. अमानतीत खयानत करणारा कितीही रोजे ठेवो, त्याने पोटाला उपाशी ठेवले, लोभाला नाही.

कुरआनातली सर्वांत लांब आयत सूरह बकरामधली २८२ वी. ती रोज्याविषयी नाही, नमाजविषयीही नाही. मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवावे, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, रक्कम लहान म्हणून आळस करू नये, असा तिचा आशय आहे. दुसऱ्याच्या घरात विचारल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय शिरू नये, हे सूरह नूरमध्ये आले आहे. महिनाभराचे भाडे घेतल्यावर ती खोली त्या महिन्यापुरती दुसऱ्याचे घर होते. तरावीहहून परतताना हे ज्याला आठवेल, तो भाडेकरूच्या दाराची कडी आधी वाजवील.

मुलांनीही आपल्या बाजूने चोख राहावे. भाडे शक्यतो ऑनलाइन द्यावे, म्हणजे नोंद राहते. खोली घेताना आणि सोडताना भिंती, नळ, मीटर यांचे फोटो काढून मालकाला पाठवावेत. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली आहे ना, ते विचारावे. पाणी तोडले, सामान बाहेर फेकले, कुलूप बदलले, तर भांडत बसण्याऐवजी तारीख-वेळ लिहून ठेवावी आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार करून पोच घ्यावी. कायदेशीर मार्गाविना बाहेर काढले गेल्यास ताबा परत मागण्याचा दावा सहा महिन्यांच्या आत करता येतो. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० हा मदत क्रमांक आहे. महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी एकदा मालकाला फोन केला, तरी पुष्कळदा मोटार सुरू होते.

ईदच्या दिवशी शिरखुर्म्याचे भांडे घेऊन वरच्या मजल्यावरचा पोरगा खाली येईल. ‘काका, घ्या,’ म्हणेल. काकांनी तो जरूर घ्यावा. आणि वर्ष संपून तो सामान आवरायला लागेल, तेव्हा त्याने मागण्याआधी त्याची अनामत मोजून त्याच्या हातावर ठेवावी.