गजक घ्यावी कुटतात तिथूनच

गजक जिथे कुटली जाते तिथूनच आणि त्याच दिवशीची घ्यावी, या मताची मी आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्याला ते सहज जमतं. दिवाळी सरली आणि कोरडी थंडी पडू लागली की महाराज बाड्याच्या आसपासच्या बाजारांत गजकेचे ढीग दिसू लागतात. छोट्या दुकानाच्या मागच्या खोलीतून मोगऱ्यांचे ठोके ऐकू येत असतील, तर खुशाल तिथे थांबावं.

साहित्य म्हणाल तर तीळ आणि गूळ, किंवा तीळ आणि साखर. बाकी सगळी करामत हातांची. तीळ भिजवून, चोळून त्यांची सालं काढतात आणि मंद आचेवर भाजतात. दुसरीकडे कढईत पाक चढतो. त्याचा थेंब गार पाण्यात टाकला की कडक होऊन कट्कन तुटला पाहिजे. तेव्हा पाक दीडशे अंशांच्या आसपास पोचलेला असतो आणि त्यात पाणी जवळजवळ उरलेलं नसतं. तो पसरट भांड्यात ओतून, हाताला सोसेल इतका निवला की गोळा करून भिंतीतल्या खुंटीवर टाकतात. मग ओढायचा, दुमडायचा, परत खुंटीवर टाकायचा. गडद तपकिरी गुळाचा गोळा बघता बघता सोनेरी होतो, साखरेचा तर पांढराशुभ्र, रेशमासारखा चकाकतो. रंग कुणी घातलेला नसतो. प्रत्येक ओढीबरोबर हवेचे बारीक बुडबुडे आत अडकत जातात आणि उजेड त्यांच्यावरून परततो.

हा ओढलेला पाक गरम तिळांत मिसळला की कुटाई सुरू होते. दोघे-तिघे कारागीर गोळ्याभोवती बसतात आणि लाकडी मोगऱ्या आळीपाळीने पडू लागतात. एकाची उचलली की दुसऱ्याची खाली. मध्येच एक हात झटकन पुढे येऊन लगदा दुमडतो आणि ठोका पडायच्या आत मागे जातो. तो हात बघत मी कितीतरी वेळ उभी राहिले आहे. तिळात निम्म्याच्या आसपास तेल असतं. कुटताना तीळ भरडले जाऊन ते सुटतं, पाकाच्या पदरांमध्ये पसरतं आणि पदर सुटे राहतात. गजक खस्ता होते ती यामुळे. हे सगळं पाक गरम आहे तोवरच उरकावं लागतं, कारण गार झाला की तो दुमडत नाही, तुटतो. नीट कुटलेली गजक दातांखाली विरते. कुटाईत कसर राहिली तर ती चिक्कीसारखी कडकड वाजते. चिक्की मलाही आवडते, पण गजकेकडून माझी अपेक्षा वेगळी असते.

ताजेपणाचा आग्रह कशासाठी, तर साखर आणि त्याहून जास्त गूळ हवेतला ओलावा ओढून घेतो म्हणून. पदर चिकटले की गजक चिवट झालीच. नेदरलँड्समधल्या गौडा गावच्या स्ट्रूपवाफलचंही ताजेपणाशी असंच घट्ट नातं आहे. दोन तापल्या लोखंडी पाट्यांमध्ये भाजलेली पातळ चकती गरम असतानाच मधोमध आडवी चिरतात आणि आत साखर-लोण्याचा दाट पाक भरतात. तिथे पाक मऊ राहावा म्हणून खटाटोप, इथे तो कोरडा राहावा म्हणून. म्हणून गजकेला ग्वाल्हेरचा हिवाळा मानवतो.

या हिवाळ्याशी लष्करातल्या मराठी घरांचा संबंध जुना आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला तळ टाकला आणि त्या छावणीचंच शहर झालं. ‘चिटणीस की गोठ’सारखी नावं अजून त्याची साक्ष देतात. तिळगुळाची रीत आपण बरोबर घेऊन आलो, गजक इथे आयती भेटली. संक्रांतीला माझ्या घरी वड्या आणि हलवा असतोच, पण हळदीकुंकवाच्या ताटलीत गजकेचा तुकडाही लागतो. त्याच सुमारास ग्वाल्हेरचा मेळाही भरलेला असतो. १९०५ मध्ये माधवराव शिंद्यांनी सुरू केलेल्या या मेळ्यातून घरी परतताना हातात गजकेचा पुडा हवाच.

गजक खरी कुणाची, हा वाद मात्र मिटत नाही. इथून चाळीसेक किलोमीटरवरच्या मुरैन्याचे लोक चंबळच्या पाण्याचा गुण सांगतात. २०२३ मध्ये मुरैन्याच्या गजकेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा कागदोपत्री मान त्यांचा. मला तो योग्यच वाटतो, कारण त्यामुळे या कारागिरीची कुठेतरी नोंद झाली. पाण्यापेक्षा मी श्रेय देईन ते मनगटांना. ओढाईला आणि कुटाईला दोन्हीकडे तितकीच ताकद लागते आणि थंडीचे काही महिने सरले की त्या हातांना दुसरं काम शोधावं लागतं. हाताने कुटलेल्या गजकेला दोन पैसे जास्त पडले तर घासाघीस करू नये.

घेताना तुकडा मोडून बघावा. कडेला पापुद्रे दिसले पाहिजेत आणि बोटांना चिकटपणा लागता कामा नये. तीळ खवट नाहीत ना, हे वासावरूनच कळतं. पहिल्यांदा घेणाऱ्याने मावा-मेव्याचं सारण भरलेली समोसा गजक बाजूला ठेवून साधी गुळाची पट्टी घ्यावी. कुटाईची परीक्षा तिच्यात होते. घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावी, फ्रिजमध्ये नको, बाहेर काढल्यावर तिला दव सुटतं. पुण्या-मुंबईला न्यायची तर डबा गच्च भरावा, नाहीतर प्रवासात चुरा होतो. चुरा झालाच तर तो गरम दुधावर घालून मुलांना द्यावा. आणि उन्हाळ्याच्या सुटीत येणाऱ्या पाहुण्यांनी गजक मागितली, तर त्यांना पुन्हा जानेवारीत यायचं आमंत्रण द्यावं.