तापणारा, पण सुरू न होणारा बोर्ड
(शेतीसाठी इलेक्ट्रॉनिक्स : लेखांक ७)

मांजरसुंबा–केज रस्त्यावरील नेकनूरच्या परिसरात पाणी बेतानेच वापरावे लागते, त्यामुळे जमिनीतील ओल पाहून ठिबकचा व्हॉल्व्ह उघडणारा छोटा नियंत्रक तेथील शेतकऱ्याच्या उपयोगाचा आहे. अशा नियंत्रकाचा गाभा म्हणजे मायक्रोकंट्रोलर, अर्थात प्रोसेसर, मेमरी आणि बाहेरच्या तारांसाठीच्या पिना एकाच चिपमध्ये सामावलेला लहानसा संगणक होय. असा मायक्रोकंट्रोलर बसवलेल्या आर्डुइनो उनोसारख्या बोर्डावरचा दिवा लागत नसेल आणि बोटाला मात्र चटका बसत असेल, तर वीज बोर्डापर्यंत पोहोचते आहे, पण ती भलत्या वाटेने वाहते आहे, एवढे निश्चित समजावे.

पहिला संशय व्होल्टेज रेग्युलेटरवर घ्यावा. बाहेरून आलेला दाब ५ व्होल्टवर आणणारा हा भाग उरलेला दाब उष्णतेच्या रूपाने उधळतो. फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी ‘व्हीआयएन’ पिनेला जोडली आणि बोर्ड आणि व्हॉल्व्ह चालू-बंद करणारे रिले मिळून २०० मिलिअँपिअर विद्युतधारा घेत असले, तर ७ व्होल्ट गुणिले ०.२ अँपिअर, म्हणजे १.४ वॅट उष्णता नखाएवढ्या भागात साठते. चाळिशी ओलांडलेल्या वैशाखाच्या उन्हात बंद डब्यात ती बाहेर पडत नाही, म्हणून रेग्युलेटर स्वसंरक्षणासाठी बंद पडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा चालू होतो. येथे बोर्ड बिघडलेला नसतो. रिलेंना ५ व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा दिला की प्रश्न मिटतो.

थंड झाल्यावरही दिवा लागत नसेल, तर शॉर्टचा, म्हणजे ५ व्होल्ट आणि ग्राउंड थेट जोडले गेल्याचा, संशय घ्यावा. लाल-काळी तार उलटी लागणे हे त्याचे नेहमीचे कारण आहे. उनोच्या गोल सॉकेटमागे उलटा प्रवाह अडवणारा डायोड असतो, पण ‘व्हीआयएन’ पिनेला ते संरक्षण नसते. एका पिनेतून ४० मिलिअँपिअर ही कमाल मर्यादा असताना त्याहून अधिक विद्युतधारा घेणारी रिलेची कॉइल तिला थेट जोडल्यासही चिप आतून जळते.

तपासणीसाठी पुरवठा बंद करून सर्व तारा सोडवाव्यात आणि मल्टिमीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे जोड सापडल्यास शिटी वाजवणाऱ्या स्थितीत, ठेवून ५ व्होल्ट व ग्राउंड या पिनांना टोके लावावीत. क्षणभर वाजून थांबलेली शिटी कपॅसिटर भरल्याची असते. सलग वाजणारी शिटी शॉर्टची खूण आहे. उनोची अठ्ठावीस पायांची चिप सॉकेटमध्ये बसवलेली असल्यास ती हलकेच उपसून पुन्हा मोजावे. शिटी थांबली तर दोष चिपचा, म्हणून केवळ चिप बदलावी, मात्र नव्या चिपमध्ये बूटलोडर हा प्रारंभिक प्रोग्राम आधीच भरलेला असावा. शिटी वाजतच राहिली तर रेग्युलेटर, कपॅसिटर किंवा यूएसबीची चिप यांपैकी एक निकामी झाली आहे.

कारण सापडेपर्यंत तापणारा बोर्ड ‘एकदा लावून पाहू’ म्हणून पुन्हा पुरवठ्याला जोडू नये, कारण प्रत्येक प्रयत्नात शाबूत भागही जळण्याची शक्यता वाढते.