बारसं झालं, घराणं चुकलं!

मैत्रिणींनो, कडकडीत दुधात विरजण घातलं तर दही लागत नाही. उष्णतेने त्यातले जिवाणू मरतात. पण अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात गंधकाचे झरे आहेत. पाणी लिंबाच्या रसासारखं आंबट आणि हात पोळेल इतकं गरम. त्यातही ७०-७५ अंशांना मजेत वाढणारा जीव थॉमस ब्रॉक आणि सहकाऱ्यांना सापडला. १९७२ मध्ये बारसं झालं : सल्फोलोबस अ‍ॅसिडोकॅल्डेरियस. गंधक, आम्ल, उष्णता, तिन्ही नावातच!

नोंद झाली जिवाणू म्हणून. पण १९७७ मध्ये कार्ल वोझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी पेशींतल्या आरएनएची तुलना करून जिवाणूंहून निराळं घराणं दाखवून दिलं. त्याला आज आर्किया म्हणतात. आपला सल्फोलोबसही त्यातलाच निघाला.

म्हणूनच आता नवी प्रजाती ठरवताना नुसतं रूप बघून भागत नाही, जनुकं ताडून पाहतात. शिवाय जिवंत नमुना दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो. शेजारणीकडे थोडं विरजण असावं ना, तसंच! एकाकडचं गेलं तरी दुसरीकडे उरतं, आणि कुणाला शंका आली तर पुन्हा तपासताही येतं.