काउंट्या विधिमंडळाकडे काय मागतात : वॉशिंग्टन राज्याचा दाखला

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या वॉशिंग्टन राज्यात ३९ काउंट्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या स्थानिक संस्था, आहेत. २०२० च्या जनगणनेत किंग काउंटीत साडेबावीस लाखांवर माणसे होती, गारफील्डमध्ये जेमतेम तेवीसशे. तुरुंग, न्यायालये, निवडणुका, जमिनीच्या नोंदी ही कामे मात्र दोघींनाही चुकलेली नाहीत. ती कशी करायची आणि त्यासाठी कर किती घ्यायचा, हे राज्याचा कायदा ठरवतो. म्हणून विधिमंडळाचे अधिवेशन जवळ आले की काउंट्या कायद्यात हव्या असलेल्या बदलांची यादी तयार करतात.

अधिकार येतो कुठून?

अमेरिकेच्या राज्यघटनेत स्थानिक संस्थांचा उल्लेखच नाही. त्या राज्याने निर्माण केलेल्या आहेत आणि राज्याने दिलेलेच अधिकार त्यांना आहेत, हा विचार आयोवाचे न्यायाधीश जॉन डिलन यांनी १८६८ मध्ये मांडला. वॉशिंग्टनमध्ये स्वतःची सनद असलेल्या मोजक्या काउंट्यांनाही राज्याच्या परवानगीविना नवा कर बसवता येत नाही.

एक टक्क्याची मर्यादा

यादीत वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेला विषय मालमत्ता कराचा. २००१ मध्ये मतदारांनी कौल दिला की या कराची एकूण वसुली वर्षाला १ टक्क्याहून जास्त वाढू नये. नव्या बांधकामावरचा कर त्याबाहेर. आणखी हवा असेल तर मतदान घ्यावे लागते. २००७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा रद्द केला, पण त्याच वर्षी विधिमंडळाने विशेष अधिवेशन घेऊन मर्यादा परत आणली. पगार आणि औषधपाणी महागाईच्या वेगाने वाढते, उत्पन्न मात्र त्या वेगाने वाढत नाही. ही मर्यादा महागाई आणि लोकसंख्येशी जोडावी, ही काउंट्यांची मागणी मला रास्त वाटते. पण कर वाढेल ही घरमालकांची भीतीही खोटी नाही. किंग काउंटीतल्या रेडमंड-बेलव्ह्यूकडे घर घेतलेली मराठी कुटुंबे हा कर भरतातच. २०२४ आणि २०२५ मध्ये मर्यादा सैल करण्याचे प्रस्ताव आले, पण टिकले नाहीत.

गरीब आरोपीचा वकील

गरीब आरोपीच्या वकिलाचा खर्च राज्याने उचलावा, ही माझ्या मते सर्वांत निकडीची मागणी आहे. गंभीर गुन्ह्यातल्या गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळालाच पाहिजे, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या १९६३ च्या गिडियन खटल्याने पक्के केले. वॉशिंग्टनमध्ये हा खर्च मुख्यतः काउंटीच्या तिजोरीतून होतो. राज्याचा वाटा अगदी थोडा. मग आरोपीला वेळ देणारा वकील मिळेल की फायलींच्या ढिगाखाली दबलेला, हे तो कुठल्या काउंटीत पकडला गेला यावर ठरते. हा अन्याय आहे. २०२३ मध्ये काउंट्यांच्या संघटनेने यासाठी राज्यावर दावाच लावला.

वेळेचे गणित

अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी ऑलिंपिया या राज्याच्या राजधानीत सुरू होते. विषम वर्षी ते १०५ दिवसांचे, सम वर्षी ६० दिवसांचे. दोन वर्षांचा अर्थसंकल्प विषम वर्षी ठरत असल्याने मोठ्या पैशाची मागणी तेव्हाच रेटावी लागते. दिवस असे मोजकेच असल्याने यादी लांबलचक करण्यापेक्षा थोड्या विषयांवर सर्व काउंट्यांनी एका सुरात बोलण्यावर त्यांच्या संघटनेचा भर असतो.