वऱ्हाडच्या उन्हात गुलाब

हिवाळ्यात रोपवाटिकेतून आणलेला गुलाब होळीपर्यंत छान फुलतो आणि मे महिन्यात वाळतो. अमरावती काय नि अकोला काय, हौशी मंडळींची तक्रार एकच. दोष उन्हाला दिला जातो. ऊन आहेच, उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो, थंडीत 10 च्या खाली उतरतो. पण झाड बहुधा मुळांकडून मरते.

हिमालयातून हौसेने आणलेले ऱ्होडोडेंड्रॉन इथे टिकत नाही. त्याला आम्लधर्मी माती आणि थंड रात्री लागतात. गुलाब इतका हट्टी नाही. आपला मोठ्या फुलाचा गुलाब म्हणजे ‘हायब्रिड टी’. यातला पहिला मानला जाणारा ‘ला फ्रान्स’ 1867 मध्ये फ्रान्समध्ये तयार झाला. वारंवार फुलण्याचा गुण त्याच्याकडे चिनी गुलाबांकडून आला. अशा संकराला मुळे मात्र दुसऱ्याची देतात. वरुड-मोर्शीच्या बागायतदाराला हे सांगायला नको; जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात, तसाच हा काटक गुलाबाच्या खुंटावर बांधतात.

म्हणून सांध्याखालून आलेला फुटवा मुळापासून ओढून काढावा. कात्रीने कापला तर पुन्हा येतो. तो राहिला, की वरचा गुलाब मरतो, खुंट माजतो आणि आपण म्हणतो, ‘फुलाचा रंग बदलला!’ सात पानांचा फुटवा रानटी, ही खूण खात्रीची नव्हे. तो कुठून फुटला ते पाहावे.

आपली काळी जमीन पावसात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे मुरूम व कुजलेले शेणखत मिसळून उंचवट्यावर लावावे. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. कोवळे पान पिवळे आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ते ओळखावे.

छाटणी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याला करावी; सहा-सात आठवड्यांत फुले येतात. कापलेल्या टोकांना बोर्डो मलम लावावे. उन्हाळ्यात मात्र कात्री आवरावी. बुंध्याशी कुटाराचा थर, सकाळी पाणी आणि दुपारनंतर सावली द्यावी. मे महिन्यातल्या कळ्या खुडून टाकाव्यात. जिवावर येते, पण त्या वेळी झाडाला फुलापेक्षा पाने हवी असतात. काळ्या पिशवीतली रोपे तर सिमेंटच्या गच्चीवर ठेवूच नयेत. पिशवी तापते आणि मुळे भाजतात.