वाफ कुठे वाचते?

सोलापुरात को-जन, म्हणजे साखर कारखान्यातली वीजनिर्मिती, म्हटलं की लोकांना ती चिमणी आठवते. कुमठ्याच्या सिद्धेश्वर कारखान्याची ही चिमणी होटगी रोडच्या विमानतळाच्या आड येते म्हणून वर्षानुवर्षं वाद चालला आणि शेवटी 15 जून 2023 रोजी ती पाडली. गावभर चर्चा झाली ती चिमणीची आणि विमानाची. उसाच्या चिपाडातून, म्हणजे बगॅसमधून, वीज निघते कशी, आणि त्यातली किती हातची जाते, हा विषय मागेच राहिला. तोच समजून घ्यायला ऐन गळीत हंगामात जिल्ह्यातल्या एका कारखान्यात पॉवर हाऊसपासून साखर शिजवायच्या पॅनपर्यंत फिरलो.

टर्बाइनच्या हॉलमध्ये बोलणं ऐकू येत नाही, सगळं खुणांवर चालतं. टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेतं आणि गिअरबॉक्स ते 1500 वर आणतो, कारण चार पोलच्या अल्टरनेटरला 50 हर्ट्झची वीज द्यायला तेवढेच फेरे लागतात. जुन्या कारखान्यांत 21 नाहीतर 32 किलोचे बॉयलर असत. वाफेचा दाब चौरस सेंटिमीटरला किती किलो, त्यावरून बॉयलर ओळखायची ही रीत आजही आहे. पुढे 45 आणि 67 किलोचे आले, आता 87 आणि 110 किलोचेही आहेत. दाब आणि तापमान चढलं की त्याच बगॅसमधून जास्त वीज निघते. शिवाय मिलला जोडलेली छोटी टर्बाइन गेली, त्या जागी मोटारी बसल्या. ती छोटी टर्बाइन वाफ भरपूर खायची आणि मोठ्या टर्बाइनच्या जेमतेम निम्म्या कार्यक्षमतेने चालायची.

पण टर्बाइनची पाती सुधारून आता हाती लागणार ती टक्का-दोन टक्के. खरी कमाई पलीकडच्या इमारतीत, रस आटवणाऱ्या बॉयलिंग हाऊसमध्ये आहे. तुलनेला फताटेवाडीचं एनटीपीसीचं वीज केंद्र घ्या. त्यात 660 मेगावॅटचे दोन संच आहेत. तिथे टर्बाइनमधून निघालेल्या वाफेची उष्णता कूलिंग टॉवरवाटे हवेत सोडून द्यावी लागते. साखर कारखान्यात टर्बाइनमधून मधेच काढलेली कमी दाबाची वाफ बॉयलिंग हाऊसला जाते आणि रस आटवते. म्हणजे एकाच वाफेकडून दोन कामं होतात. पण रस आटवायला वाफ जितकी जास्त ओढाल, तितकी ती टर्बाइनमधला पुढचा प्रवास अर्धवट सोडते.

हिशेब मांडून बघा. 87 किलोच्या टर्बाइनमधून मधेच काढलेल्या एक टन वाफेने तोवर साधारण 175 ते 180 युनिट दिलेले असतात. तीच वाफ कंडेन्सरपर्यंत गेली तर आणखी साधारण 100 युनिट देते. जुन्या पद्धतीच्या बॉयलिंग हाऊसला 100 टन उसामागे 50 टन वाफ लागायची, नीट बसवलेल्या घडीत ती 40 च्या खाली येते. रोज 5000 टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात यातला एक टक्का म्हणजे 50 टन वाफ, अर्थात दिवसाला 5000 युनिट. टर्बाइनला हातही न लावता.

हा टक्का कुठे मुरतो ते पॅनवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पॅनमन मामांनी नळीतून थोडी मॅसेक्विट, म्हणजे दाणे धरलेला घट्ट रस, काचेच्या पट्टीवर घेतली, बोटाने पसरली आणि दिव्यासमोर धरली. मोठ्या दाण्यांच्या मधे धुळीसारखे बारीक दाणे दिसत होते. त्यांनी लगेच पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवला. “गर्दी दिसली की पाणी द्यावंच लागतं, साहेब. नाहीतर बारीक साखर मशीनवर मळीबरोबर निघून जाते.” मामांचं बरोबरच होतं. पण तिथे दिलेलं प्रत्येक लिटर पाणी परत वाफ खर्चूनच उडवायचं असतं. वाफेचा दाब किंवा व्हॅक्यूम खालीवर झाला की चुकार दाणे धरतात, दाणे धरले की पाणी, पाणी दिलं की वाफ. व्हॅक्यूम स्थिर राहिला आणि पॅनला आपोआप चालणारं नियंत्रण बसलं, तर हे पाणी फारसं लागतच नाही. माझ्या मते वीज वाचवण्याच्या संशोधनाला याहून मोलाची जागा कारखान्यात दुसरी नाही.

खाली रस आटवणाऱ्या क्वाडपाशी फिटर एकेक स्टीम ट्रॅप, म्हणजे वाफ अडवून तिचं झालेलं पाणी सोडणारा व्हॉल्व्ह, तपासत चालला होता. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ट्रॅपवर, मूठ कानाला. ट्रॅप ठीक असेल तर आवाज थांबून थांबून येतो. सलग सूं ऐकू आलं तर ट्रॅप उघडाच अडकलाय, म्हणजे पाण्याबरोबर वाफही निघून चाललीय. त्याने खडूने फुली मारली आणि पुढे गेला.

आणि ‘नो केन’. तोडणी रखडली, गाड्या आल्या नाहीत, की मिल थांबते, पण बॉयलर गरम ठेवावाच लागतो. मग नुसता बगॅस जळतो. वाफेचं सगळं गणित इथे शेतातल्या तोडणीवर येऊन टेकतं.

यंत्र किती चांगलं यापेक्षा ते रोज कसं चालतं, यावर वीज वाचते. घरातही मला हेच दिसतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या पत्र्याच्या घरात एप्रिलमध्ये विड्या वळणाऱ्या मावशी पंखा ‘एक’वरच ठेवतात, कारण जोरात लावला तर सुपातली तंबाखू उडते. जुना पंखा पूर्ण वेगाने साधारण 75 वॅट घेतो. खोक्याच्या जुन्या रेग्युलेटरने वेग कमी केला, तर वाचायची त्यातली बरीच वीज रेग्युलेटरच गरम होऊन खातो. बीएलडीसी पंखा पूर्ण वेगाला 28 ते 35 वॅट घेतो आणि ‘एक’वर पाच-सहा वॅटवर येतो. जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालं, हे फार चांगलं झालं. पण ते स्टार पूर्ण वेगाच्या चाचणीवर मिळतात. मावशींचा पंखा दिवसभर ज्या वेगावर फिरतो, त्याबद्दल लेबल काहीच सांगत नाही.

मंद वेगावरचा हा खर्च मोजायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी 1983 पासून याच शहरात आहे. कुंभारीला रे नगरमध्ये असंघटित कामगारांसाठी 30 हजार घरांचा प्रकल्प आहे, त्यातल्या 15 हजार घरांच्या किल्ल्या 19 जानेवारी 2024 रोजी दिल्या गेल्या. त्याच मापाच्या खोल्या, तेच छत, तेच ऊन. वालचंदच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी शेजारशेजारच्या दोन घरांत दोन तऱ्हेचे पंखे लावावेत आणि ‘एक’वर, ‘दोन’वर, व्होल्टेज उतरलेलं असताना मीटर वाचावं. एका उन्हाळ्यात जे आकडे हाती येतील, ते पंखा घ्यायला निघालेल्या मावशींच्या थेट कामाचे असतील.